जुन्यावर नवं चढवून मिळणार नाही

४ जून

मायना लिहिलेला नाही. 'प्रिय' लिहायला हात धजत नाही आणि 'श्रीयुत' लिहिलं तर वीजबिलाची नोटीस वाटेल. आपल्या कारखान्यात माप घेतल्याशिवाय भाव सांगत नाहीत. तुझं माप घेणं चालू आहे, तोवर असंच.

तुझं जाडजूड पत्र पोचलं. इतकी क्षमा मागितली आहेस की वाचताना मलाच अपराधी वाटायला लागलं. ही तुझी जुनी कला. शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, जागा संपत आल्यावर विचारलं आहेस, 'घरी येऊ का?'

नाही.

आता पुढचं नाही वाचलंस तरी चालेल. पण वाचशील, कारण त्या दिवशी आत काय झालं हे तुला अजून ठाऊक नाही. तू बाहेर टेंपोत सोफा चढवत होतास. मी बाहेर आले आणि म्हणाले, "सोफा उतरव आणि तू चढ. थोरल्या भाऊजींकडे जा. आजच." तू कारण विचारलं नाहीस. तेव्हाच कळलं, की कारणं एकाहून जास्त आहेत आणि नेमकं कुठलं सापडलं याचा तुला अंदाज लागत नाहीये.

तर ऐक. आत नाट्यगृहाच्या व्यवस्थापकबाई बसल्या होत्या. नमुन्याला एक खुर्ची घेऊन आल्या होत्या. अख्ख्या नाट्यगृहाच्या खुर्च्या नव्याने करायच्या, एवढं मोठं काम आपल्याकडे माझ्या बाबांच्या काळातही आलं नव्हतं. मी त्यांना कारखान्याच्या फोनवर आपली जुनी कामं दाखवत होते. तपकिरी कोच. निळी आरामखुर्ची. दवाखान्याची बाकं. मग एक बाई. मग तीच बाई, दुसऱ्या बाजूने.

व्यवस्थापकबाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. नीट पाहिलं. म्हणाल्या, "या नमुन्यात कापड दिसत नाही."

मी म्हणाले, "हो. हे काम आमचं नाही."

फोन पालथा ठेवला, टेप काढली आणि त्यांच्या खुर्चीची बैठक मोजली. रुंदी, खोली, पाठीचा कल.  मग उठून तुझ्याकडे बाहेर आले.

त्या फोनचं मला सगळ्यात हसू येतं. गिऱ्हाइकांनी फाटक्या सोफ्यांचे फोटो पाठवावेत म्हणून घेतलेला फोन. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तू काय बघतोस, कुणाशी काय बोलतोस, कुठल्या हॉटेलात जातोस हे उघडकीला आलं आणि 'प्रकृतीच्या कारणास्तव' तुझी नोकरी गेली, तेव्हा तुझा स्मार्टफोन मी काढून घेतला. हातात बटणांचा फोन दिला. पासवर्ड माझ्याकडे, बँकेचे मेसेज माझ्याकडे. नजरेसमोर राहशील म्हणून कारखान्यात घेतलं. आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलतोस म्हणून कारखान्याचा फोन तुझ्याच खिशात ठेवला. घराला कुलपं घालून झाली आणि किल्ल्यांचा जुडगा तुलाच सांभाळायला दिला. इतकी हुशार बायको तुला मिळाली, तू जपून वापरायला हवी होतीस.

दारावरची पाटी आठवते ना? बाबांनी स्वतः रंगवलेली. 'जुन्यावर नवं चढवून मिळणार नाही.' रोज कुणीतरी वाद घालतं: अहो, वरचं कापड तेवढं बदला, आत सगळं ठीक आहे. आणि मी ऐटीत सांगते, आत ठीक असतं तर तुम्ही आला नसतात. आधी सगळं उसवायचं, सांगाडा उघडा करायचा, गिऱ्हाइकाला तो उभं राहून बघायला लावायचा, मगच नवं कापड.

हीच बाई घरी काय करत होती? तुझी नोकरी गेली, तू म्हणालास, "एवढंच होतं, आता संपलं," आणि मी विचारलंसुद्धा नाही, एवढंच म्हणजे केवढं. नवा पलंग घेतला. नवे पडदे शिवले. आपण समुद्रावर जाऊन आलो. जाऊबाईंनी फोनवरून सल्ला दिला, "अगं, जरा नटत जा. पुरुषाला घरात मिळालं की तो बाहेर कशाला जाईल?" जणू मी खानावळ चालवते आणि भाजीत मीठ कमी पडलंय. तरी मी ऐकलं. निळा झुळझुळीत गाऊन आणला. पन्नाशीला टेकलेली बाई, बोटांना सरसाचा वास, अंगात निळा झुळझुळीत गाऊन. तू म्हणालास, "छान दिसतेस," आणि न्हाणीघरात जाऊन बराच वेळ बसलास.

गाऊन आता शिवणाच्या मशीनवर घालते. तिला शोभतो.

मी मजेत आहे. झोप उत्तम लागते.

— जिच्या नावावर कारखाना आहे ती


३० जून

मागच्या पत्रातलं झोपेचं खोटं होतं. एवढी एक दुरुस्ती करून पुढे जाते.

तू लिहिलंस, 'हा आजार आहे, समुपदेशकही तेच म्हणतात, तू समजून घे.' समजून घेतलं. मलाही आता पटतंय, की एखाद्याला दारू सोडवत नाही तसं तुला हे सोडवत नव्हतं. त्यात मजासुद्धा उरली नव्हती असं म्हणतोस, तेही खरं असेल. पण तापाला पासवर्ड नसतो. सर्दी झालेला माणूस मेसेज पुसून टाकत नाही. आजार तुझा, मान्य. लपवाछपवी ही वेगळी कला, तिचं श्रेय आजाराला देऊ नकोस.

आणि तुझ्या आजाराची तपासणी मला करून घ्यावी लागली. रक्त द्यायला गेले. काचेमागच्या मुलीने मोठ्याने विचारलं, "काकू, हे सगळं कशासाठी करताय? व्हिसा काढायचाय का?" मागे रांग. मी म्हणाले, "नाही बाळा, नवरा हिंडून आलाय."  तिने मान खाली घालून पटापट चिठ्ठ्या चिकटवल्या. रिपोर्ट स्वच्छ आले. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि रडले, आणि मग एका अनोळखी आजीबाईंनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. त्यांना वाटलं काहीतरी भयंकर निघालंय. मी म्हटलं, "नाही हो, काहीच निघालं नाही." त्या म्हणाल्या, "मग रडा, रडा. हे रडणं चांगलं."

लेकीला सांगितलं. तिच्या वाट्याचं तिला कळायला हवं होतं. तिने विचारलं, "आई, बाबा आजारी आहे की वाईट?" मी म्हणाले, "दोन्हीची औषधं वेगळी असतात. तो सध्या पहिलं घेतोय." ती तुला फोन करील तेव्हा करील. मध्ये पडणार नाही.

आता एक गंमत. तुझ्यासारख्यांचा जसा गट असतो, तसा आमच्यासारख्यांचाही असतो. मोटार चालवायला शिकवतात त्या दुकानाच्या वरची खोली. खालून सतत आवाज येतो, "क्लच दाबा, क्लच दाबा," आणि वर आम्ही बसून आपापले संसार बंद पडल्याच्या गोष्टी सांगतो. खुर्च्या भयंकर आहेत. पहिल्या दिवशी कुणी काय सांगितलं ते मला आठवत नाही, माझ्या खालची स्प्रिंग मात्र आठवते.

तिथे एक वाहतूक पोलीस बाई येते. आवाज असा, की ती कुजबुजली तरी खालचा विद्यार्थी ब्रेक मारतो. ती म्हणाली, "मी दिवसभर चौकात उभी राहून माणसं थांबवते. घरी गेल्यावर नवऱ्याचा फोन, नवऱ्याचे खिसे, नवऱ्याचा शर्ट. दोन दोन पाळ्या. चौकातल्या पाळीचा निदान पगार तरी मिळतो."

आम्ही सगळ्या हसलो. मी जरा जास्तच हसले, कारण ती माझंच सांगत होती. घरात पाऊल टाकलंस की तुझा चेहरा वाचायचा. न्हाणीघरात किती वेळ झाला बघायचं. माल पोचवून यायला उशीर झाला की टेंपोचा किलोमीटरचा आकडा तपासायचा. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी संसार वाचवतेय. मी पहारा देत होते. आणि पहारेकऱ्याला त्या घरात राहता येत नाही रे, तो दारातच उभा असतो.

उद्या त्या खोलीतल्या खुर्च्या दुरुस्तीला आणणार आहे. फुकट. स्वार्थ आहे, मलाच बसायचंय.

— आता थोडी झोपणारी


९ ऑगस्ट

परवा तू सगळं बोलून गेल्यावर समुपदेशक बाईंच्या खोलीत मी तशीच बसून राहिले. बाईंनी पाणी दिलं. माझ्या पर्समधून हातोडीचा दांडा बाहेर आला होता, तो त्यांना दिसला. विचारलं, "ही कशाला आणली?" मी म्हणाले, "सवय. कुठेही सांगाडा उघडायचा असेल तर घेऊन जाते." त्यांनी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि पुन्हा हातोडीकडे. मी म्हटलं, "घाबरू नका, वापरली नाही ना."

तू सगळं सांगितलंस. मधेच 'पण' आला नाही, 'तुलाही वेळ नव्हता' आलं नाही. लग्नाआधीपासूनचं सांगितलंस, हॉटेलांचं सांगितलंस, कारखान्याच्या फोनचं सांगितलंस. आकडे ऐकताना मला काही झालं नाही. माणसाने तिसऱ्या मजल्यावरून उडी मारली काय आणि सातव्यावरून काय.

एकच गोष्ट आत घुसली. पित्ताशयाच्या ऑपरेशनला मला आत नेलं होतं आणि तू खाली गाडीत बसून कुणा बाईशी बोलत होतास. मग वर आलास, शुद्धीवर येणाऱ्या माझ्या कपाळावरून हात फिरवलास. त्या हाताची मी किती जणींना कौतुकं सांगितली होती. भूल उतरताना पहिला तो हात कळला, असं सांगायची मी.

ती आठवण माझी होती. तीही तूच खर्च केलीस.

घरी येऊन तो नवा पलंग उसवला. आपल्याच कारखान्याचा, दोष काही नव्हता. तरी पार लाकडापर्यंत नेला. त्याच्या उशाच्या फळीचं आता कापड कापायचं टेबल झालंय. खूप वर्षांनी इतकी गाढ झोपले. जमिनीवर गादी टाकून, मधोमध, हातपाय पसरून.

आता कामाचं. तुझा स्मार्टफोन भाऊजींच्या पत्त्यावर पाठवला आहे. त्यात मी काही घातलेलं नाही आणि काढलेलं नाही. बँकेचे मेसेज तुझ्याकडे वळवले. सगळे पासवर्ड तूच बदल आणि मला सांगू नकोस. जाऊबाईंचा लगेच फोन आला, "अगं, वेडी का तू? त्याच्या हातात पुन्हा तेच देतेस?" मी म्हणाले, "जाऊबाई, मी नोकरी सोडली. नवी राखणदार हवी असेल तर तुम्ही अर्ज करा, जागा रिकामी आहे." त्यांनी फोन भाऊजींकडे दिला. भाऊजी बिचारे हवापाण्याचं बोलले.

हे तुझ्यावर उपकार नाहीत, विश्वासही नाही. मी फक्त दारातून आत आले आहे. तू सावरलास तर तुझ्या बळावर. घसरलास तरी तुझ्याच पायांनी. एकच अट: घसरलास तर त्याच दिवशी, मी न विचारता, तू सांगायचंस. ती मोडलीस तर पुढचं पत्र वकिलाचं येईल, त्याला मायना व्यवस्थित असतो.

— राजीनामा दिलेली


२१ सप्टेंबर

व्यवस्थापकबाई आल्या होत्या. काम आपल्याला मिळालं. सगळं नाट्यगृह.

मी त्यांना स्पष्टच विचारलं, "त्या दिवशी ते तसं पाहिल्यावर मला वाटलं, तुम्ही या रस्त्यालाही फिरकणार नाही." त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "मी तुमचा फोन बघायला आले नव्हते, हात बघायला आले होते. तुम्ही फोन पालथा घातलात आणि बैठकीचं माप घेतलंत. घरी जाऊन मी पुन्हा मोजलं. बरोबर होतं." मग म्हणाल्या, "माझ्या माणसाचं मला कळलं होतं, तेव्हा मी महिनाभर रविवारच्या खेळाची तिकिटं सोमवारची म्हणून विकत होते." आणि आम्ही दोघी नमुन्याच्या कापडांवर डोकं टेकून हसलो. बाहेरून कारागीर डोकावून गेला, काय झालं म्हणून.

खुर्च्या उसवतोय. आधीच्या प्रत्येक कंत्राटदाराने जुन्यावर नवं चढवलंय. लालखाली हिरवं, हिरव्याखाली कसलंतरी मोहरीच्या रंगाचं पाप. बैठकांच्या फटीत काय काय सापडतंय: कर्णफुलं, कंगवे, चघळलेला गम, एक कवळीसुद्धा. विनोदी नाटक असणार. मी सगळं शेवटच्या थरापर्यंत काढते आहे. बाई म्हणाल्या, एवढं कशाला, वेळ लागेल. मी पाटीकडे बोट दाखवलं.

तू विचारलंस, 'माझ्याशिवाय काम झेपतंय का?' झेपतंय. टेंपो मी चालवते. गटाच्या खोलीखालच्या मोटार शिकवणाऱ्या मास्तरांकडे रीतसर शिकले. आमच्या गटातल्या बायका वरून ओरडायच्या, "क्लच दाबा."

लेक आली होती. म्हणाली, बाबाशी बोलले. एवढंच म्हणाली. मी पुढे काही विचारलं नाही, आणि न विचारणं मला जमलं याचाच मला आनंद झाला. मग आम्ही दोघींनी आईस्क्रीम आणून खाल्लं, डब्यातूनच.

— टेंपोवाली


१८ नोव्हेंबर

परवा तुझा फोन आला तेव्हा मी खाली पडून खुर्चीच्या पोटात पट्टे ताणत होते. तोंडात खिळे होते, म्हणून मी नुसतं 'हं' म्हणाले. तू म्हणालास, "आज मी परत एक साइट उघडली. बघत बसलो. मग बंद केली आणि गटातल्या माणसाला फोन केला. तुला सांगायचं ठरलंय म्हणून सांगतोय."

मी खिळे काढून विचारलं, "आणि?"

"आणि काही नाही. एवढंच."

याच 'एवढंच'ने मला एकदा बुडवलं होतं. या वेळी पाय जमिनीवरच राहिले. मी म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस. माझे पट्टे सैल पडतायत, ठेवते."

फोन ठेवल्यावर मी वाट बघत बसले. माझीच. आता छातीत धडधडेल, आता उठून काहीतरी तपासावंसं वाटेल, आता आरशापुढे जाऊन बघेन की माझ्यात काय कमी आहे. काही झालं नाही. वाईट वाटलं, अगदी खरं वाईट वाटलं, जसं आपल्या माणसाला ताप उलटल्याचं कळल्यावर वाटतं तसं. आणि मग भूक लागली. डबा उघडला, जेवले, रांग पूर्ण केली. तू घसरलास आणि माझं काही पडलं नाही, हे आपल्या लग्नात पहिल्यांदा झालं. वाटलं, छपरावर चढून गावाला ओरडून सांगावं. पण काय सांगणार? नवरा घसरला आणि मी वरणभात संपवला? लोकांनी वेड्यात काढलं असतं. म्हणून पोलीस बाईला फोन केला. तिने त्या कुजबुजीच्या आवाजात असं अभिनंदन केलं, की माझ्या कानात अजून शिट्टी वाजतेय.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला आवडलं. लिहिलं आहेस, 'संपलं असं म्हणणार नाही, आज नाही एवढंच म्हणता येतं.' वर्षानुवर्षं तू मला 'संपलं' विकत होतास. हे कमी आहे, पण लाकूड खरं आहे, ठोकून पाहिलं.

काम पूर्ण झालं. नव्या खुर्च्यांवरचा पहिला खेळ पाच तारखेला आहे. बाईंनी मला पहिल्या रांगेत मधोमध जागा दिली आहे. सोबत एक तिकीट पाठवते. ते माझ्या शेजारचं नाही, मागच्या रांगेतलं आहे, बरोबर माझ्या पाठीमागचं. यायचं तर ये. मी मागे वळून बघणार नाही. तू आहेस की नाहीस, कुणाकडे बघतोस, मध्यंतरात कुठे जातोस, हे बघायला मी आता कामाला नाही.

— पहिल्या रांगेतली


६ डिसेंबर

प्रिय,

वळले नाही.

नाटक तसं सुमार होतं. नायक फार ओरडत होता आणि नायिकेचा पदर प्रत्येक अंकात त्याच खिळ्याला अडकत होता. पण मी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं, एकही वाक्य न चुकवता. तुझ्याबरोबर इतकी नाटकं पाहिली, त्यातल्या एकाचीही मला गोष्ट सांगता येणार नाही. मी तुझे डोळे बघत असायची. काल मला कळलं, नाटकाला शेवटही असतो.

पडदा पडला आणि सगळे उठले. सगळ्या बैठका एकाच वेळी आपापल्या जागी परत गेल्या, एकही कुरकुरली नाही. तो आवाज फक्त मी ऐकला. व्यवस्थापकबाईंनी मला हाताला धरून रंगमंचावर नेलं आणि म्हणाल्या, "आज ज्यांच्या पाठी दुखल्या नाहीत, त्यांनी या बाईंसाठी टाळ्या वाजवाव्यात." पोलीस बाईने शिट्टी वाजवली, खरी, चौकातली. लेक रडत होती. मी समोर बघितलं, रंगमंचावरून समोरच बघावं लागतं, तेव्हा तू दिसलास. उभा होतास. टाळ्या वाजवत होतास, आणि माझ्याकडे बघत होतास. मी तपासलं नाही, दिसलं.

बाहेर तू थांबला नाहीस, गर्दीत माझ्या वाटेत आला नाहीस, माझी संध्याकाळ माझ्याकडेच ठेवलीस, हे लक्षात आलं. माप घेणं इथवर आलंय.

तर आता भाव सांगते. रविवारी घरी ये. राहायला नाही, जेवायला. पलंग नाहीये आपल्याकडे, सांगाडासुद्धा नाही, त्याचं टेबल झालंय. नवा करायचा की नाही ते आधी लाकूड बघून ठरवू, दोघांनी उभं राहून. कुलूप मी बदललेलं नाही, पण तुझी किल्ली वापरू नकोस. बेल वाजव. मी आत असेन, दार उघडीन.

स्वयंपाक मी करीन. फोन तुझ्या खिशातच राहू दे.